दोनशे बारा लिफ्ट आणि एक सही

कंपनीला शिक्षा झाली त्या दुपारी मिस्त्री एका आठ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये पालथे पडून मोटारीखाली सांडलेलं तेल पुसत होते. फोन वाजला. पलीकडून ऑफिसातली टेलिफोनवाली म्हणाली, "मिस्त्री, आपण दोषी ठरलो."

"आपण म्हणजे कोण?" मिस्त्रींनी दचकून विचारलं.

"आपण म्हणजे कंपनी हो!"

मिस्त्रींनी सुटकेचा श्वास टाकला, आणि टाकल्याबरोबर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

एकतीस वर्षं ते त्या कंपनीत लिफ्ट दुरुस्त करत होते. उंची सहा फुटांच्या वर, आणि मशीनरूमची दारं मात्र बुटक्या माणसांच्या मापाची. त्यामुळे कपाळावर एक टेंगूळ कायमचं मुक्कामाला. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं, तोंडात सगळ्यांच्या 'मिस्त्री'च. त्यांची बायको शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची, म्हणून गल्लीत ती 'बाई'. घरात तेवढी ती त्यांना 'अहो' म्हणायची, आणि रागावली की तीही 'मिस्त्री'.

खटला ज्यावरून झाला ती गोष्ट शहरात सगळ्यांना पाठ होती. चौदा महिन्यांपूर्वी कापडबाजारातल्या एका इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली आली. आत पाच जण होते. चौघांचं खरचटण्यावर भागलं. पाचवी एक शिवणकाम करणारी बाई. तिचा डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. लिफ्टमध्ये काचेमागे कंपनीचा दाखला लावलेला होता: अकरा दिवसांपूर्वी तपासणी झाली, सर्व काही ठीक. चौकशीत कळलं, की त्या दिवशी तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. दाखला टेबलावर बसून भरला होता. आणि तो एकटाच नव्हता. दोन वर्षांत असे चाळीसच्या वर निघाले. तपासणी खात्याचा प्रमुख तुरुंगात गेला, थोरल्या मालकांनी खुर्ची सोडली आणि त्यांची मुलगी तिथे बसली. आता न्यायालयाने खुद्द कंपनीलाच गुन्हेगार ठरवलं होतं.

चहाच्या वेळी मेकॅनिक मंडळींत त्यावरच चर्चा. "कंपनीला बेड्या कुठे घालणार? तिला मनगट आहे का?" एकाने विचारलं. दुसरा वर्तमानपत्र वाचत होता. न्यायाधीशबाई म्हणाल्या होत्या, कंपनीला अंग नाही, त्यामुळे कोठडीत घालता येत नाही. पण तिला तोंड आहे, जाहिरातीत ते बरंच चालतं. तर पुढची तीन वर्षं दर तीन महिन्यांनी तिने इथे यावं आणि काय केलं ते शपथेवर सांगावं.

"म्हणजे अंगठे धरून उभं राहायचं," पहिला म्हणाला, आणि सगळे हसले.

मिस्त्री हसले नाहीत. आदेशातलं पुढचं वाक्य त्यांना हसू देईना. गेल्या पाच वर्षांत कंपनीने जिला जिला दाखला दिला, ती प्रत्येक लिफ्ट पुन्हा तपासायची. एकूण दोनशे बारा. खोट्या दाखल्यामुळे राहून गेलेला दोष सापडला, तर तीन दिवसांत कळवायचं. आणि अहवालावर सही वकिलाची चालणार नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचीच हवी.

चौकशीने दोनच वर्षं उकरली होती. पाच वर्षं म्हटल्यावर मिस्त्रींच्या हातातला चहा निवून गेला.

चार दिवसांनी नव्या मालकीणबाईंनी त्यांना बोलावलं. पस्तिशीची मुलगी, वडिलांच्या भल्यामोठ्या टेबलामागे हरवल्यासारखी दिसत होती. बाजूला कंपनीचे वकील.

"काका, न्यायालयाचे अहवाल तुम्ही लिहाल?" तिने सरळच विचारलं.

मिस्त्रींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मी? अहो, मी दहावी. आपल्याकडे इंजिनिअर आहेत की!"

"तिघांना विचारलं. तिघांनाही अचानक घरच्या अडचणी आल्या."

वकील घसा साफ करत म्हणाले, "शपथेवरचा कागद आहे. खोटं निघालं तर सही करणारा आत जातो. लोकांना भीती वाटते."

"मग मला वाटत नाही का?"

"वाटते ना," मालकीणबाई म्हणाली. "पण तुमच्या एकतीस वर्षांच्या खिशातल्या वह्या मी पाहिल्यात. चौकशीवाल्यांनी नेल्या होत्या त्या. कुठल्या इमारतीत कुठला बोल्ट कधी बदलला, सगळं त्यात आहे. मला दुसरं कोणी सुचत नाही."

मिस्त्रींनी एक दिवस मागून घेतला. संध्याकाळी बाई वह्या तपासत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर ते मुकाट्याने उभे राहिले.

"काय झालं? पोट दुखतंय?"

त्यांनी सांगितलं. सगळं नाही, अहवालापुरतं. "मला असलं लिहायला जमणार नाही. शुद्धलेखनाची बोंब. कोर्टाची भाषा वेगळी असते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "माझ्या वर्गातली मुलं 'काल मी काय पाहिलं' यावर दहा ओळी लिहितात. आठ वर्षांची असतात. तुम्हाला काय धाड भरलीय?"

एवढ्यावर ते हो म्हणाले.

पहिला अहवाल मिस्त्रींनी खिशातल्या वहीवरून लिहून दिला, तो वकिलांच्या हातात गेला आणि ओळखू येईनासा झाला. न्यायालयाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. उंच खिडक्या, कर्रकर्र करणारा पंखा, बाकांचं पॉलिश उडालेलं. शेवटच्या बाकावर कुबडी टेकून एक बाई बसली होती. मिस्त्रींनी तिला फोटोत पाहिलं होतं. तीच ती शिवणकामवाली. तिला बोलावलेलं नव्हतं. ती आपणहून आली होती आणि पुढच्या तारखांनाही येत राहिली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "'आवश्यक त्या सर्व उपाययोजना योग्य त्या स्तरावर हाती घेण्यात आल्या असून त्यांस समाधानकारक प्रतिसाद लाभत आहे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "किती लिफ्ट तपासल्या?"

वकील कागद चाळू लागले. मागून मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "एकोणीस, बाईसाहेब."

"तुम्ही कोण?"

"सही माझी आहे."

"पुढे या. एकोणीसपैकी बिघडलेल्या किती?"

"सात. त्यातल्या तीन बंद करून आलो. दोर उसवले होते. बाकी चारचे ब्रेक घासून गुळगुळीत झालेले, ते बदलले."

"मग हे इथे का नाही लिहिलं?"

मिस्त्रींनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी पंख्याकडे.

"मी लिफ्टबद्दल विचारलं होतं, भाषेबद्दल नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पुढचा अहवाल यांच्याच शब्दांत हवा. व्याकरण चुकलं तरी चालेल."

बाहेर जिन्याशी शिवणकामवालीने त्यांना थांबवलं. "त्या सात लिफ्टमध्ये माणसं चढत होती?"

"हो."

"रोज?"

"रोज."

शेजारी लिफ्ट उघडी उभी होती. तिच्याकडे पाठ करून ती जिना उतरू लागली, एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने कुबडी. मिस्त्री दोन पायऱ्या मागे राहून तिच्या चालीने खाली आले. मदत करू का, असं विचारायची त्यांची छाती झाली नाही.

दुसऱ्या तिमाहीपासून त्यांच्या स्वयंपाकघरात एक नवाच उद्योग सुरू झाला. मिस्त्री लिहायचे आणि बाई लाल पेनाने वाचायच्या. "अहो, हे वाक्य कुठे संपतंय? चौथ्या मजल्यावर सुरू झालंय, अजून तळाला पोचत नाहीये." कधी म्हणायच्या, "'बऱ्यापैकी' म्हणजे काय? बऱ्यापैकी दोर असतो का? तुटका असतो नाहीतर धड असतो." मिस्त्री कुरकुरत, खोडत. अहवाल तयार झाला तेव्हा त्यात प्रत्येक लिफ्टपुढे तीन-चार ओळी होत्या: काय पाहिलं, काय केलं, काय राहिलं. 'राहिलं' हा रकाना त्यांचा स्वतःचा. तो कोणी मागितला नव्हता.

कंपनीत मात्र त्यांचे ग्रह फिरले. बंद केलेल्या लिफ्टच्या इमारतींतून फोनवर फोन. एका सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसात येऊन टेबल बडवून गेले, की आठव्या मजल्यावरचे लोक भाजीच्या पिशव्या घेऊन सेक्रेटरींच्या नावाने खडे फोडतात. चहाच्या वेळी मिस्त्री आले की बोलणं थांबायचं. मागून कोणी तरी 'कोर्टाचा जावई' म्हणायचं. मिस्त्री गुमान चहा पिऊन उठायचे.

आणि मग तिसऱ्या तिमाहीत, यादीतल्या एक्कावन्नाव्या लिफ्टला, ते आपल्या सहीपाशी पोचले.

ते वृद्धांसाठी चालवलेलं चार मजली निवासस्थान होतं. भिंती फिक्या पिवळ्या, व्हरांड्यात खुर्च्यांची रांग, सगळीकडे फिनेलचा वास. चार वर्षांपूर्वीचा, तपासणीचा शेवटचा कागद मिस्त्रींच्या पिशवीत होता, त्यावर त्यांचीच वळणदार सही. ते त्या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

चार वर्षांपूर्वी बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन चिघळलं होतं. मिस्त्री आठ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. पाचव्या दिवशी तपासणी खात्याचा प्रमुख भेटायला आला, फळं घेऊन. जाताना म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या वाटच्या बारा तपासण्या राहिल्यात. तुम्ही इकडे अडकलेले. नुसत्या सह्या करा, बाकी मी बघतो." आतून नर्स हाक मारत होती. मिस्त्रींनी मांडीवर फाईल ठेवून बारा सह्या केल्या आणि आत धावले. पुढे बाई बऱ्या झाल्या, आणि आनंदाच्या भरात ते बारा कागद कुठल्या कुठे गेले. अपघात झाला तेव्हा मात्र ते एकदम आठवले, आणि मग विसरता येईनात.

ते मशीनरूमचा जिना चढले, कपाळ आपटून घेतलं आणि टॉर्च मारला. भिंती, खिडकी, पाईप, सगळ्याला एकच हिरवा ऑइलपेंट फासलेला. रंगाऱ्याने हात आखडता घेतला नव्हता. लिफ्टचा दोर तुटला आणि ती वेगाने खाली जाऊ लागली, तर तिला जागच्या जागी अडवणारं एक चाक असतं. ते फिरतं, अडकतं, आणि खालची पकड रुळांना आवळून धरते. ते चाकही रंगाऱ्याने मनापासून रंगवलं होतं. मिस्त्रींनी ते हाताने फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. दाराच्या मागे रंगकामाची तारीख खडूने लिहिलेली होती: पाच वर्षांपूर्वीची.

म्हणजे चार वर्षांपूर्वी ते खरंच इथे आले असते, तर अर्ध्या मिनिटात दिसलं असतं.

ते तिथेच जमिनीवर बसले. खालून लिफ्टचा आवाज येत होता. कोणी तरी चढत होतं, कोणी उतरत होतं.

मग ते उठले, मेन स्विच बंद केला आणि खाली येऊन दारावर पाटी लावली. तिसऱ्या मजल्यावर एक आजी वाट पाहत उभ्या होत्या. अंगावर इस्त्रीची सुती साडी, हातात पुस्तक.

"अहो, मी आता बागेत कशी जाऊ?"

"आज नका जाऊ, आजी."

"मी चार वर्षं रोज चार वेळा जातेय. आजच काय झालं?"

मिस्त्रींनी व्हरांड्यातली एक खुर्ची आणली आणि खिडकीशी, बाग दिसेल अशी, ठेवून दिली. मग पुन्हा वर गेले. चाक खोललं, रंग खरवडला, घासलं, तेल दिलं, पकडीचे जबडे मोकळे केले. दोन सहकाऱ्यांना बोलावून केबिनमध्ये वाळूची पोती भरली आणि मुद्दाम वेग वाढवून सोडली. धाडकन आवाज झाला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये खिळल्यासारखी थांबली. त्यांनी ती तीन वेळा तशी थांबवली. उजेड मावळायच्या आत आजी बागेत जाऊन आल्या.

घरी बाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून बाजूला झाल्या. या वेळी मिस्त्रींनी सगळं सांगितलं.

"माझ्या ऑपरेशनच्या वेळी?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? तू जिवंत होतीस. मला तेवढंच दिसत होतं."

बाई ओट्याला टेकल्या. "आपल्या सुखात तो कागद पण होता म्हणायचा," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरच्या पसाऱ्यातून कोरे कागद काढून पुढे ठेवले. "लिहा. आज मी काही खोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री तो कागद घेऊन मालकीणबाईसमोर उभे राहिले. वकिलांनी वाचला आणि डोक्याला हात लावला. "मिस्त्री, लिफ्ट नादुरुस्त आढळली, दुरुस्त केली, एवढं पुरे! जुनी सही कोणाची हे कोणी विचारलंय का? हे आपण होऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं झालं. कंपनीच्याही."

मालकीणबाईने कागद पुन्हा वाचला. तिचा आवाज खाली गेला. "काका, तुम्हाला काढलं तर पुढचे अहवाल कोण लिहील?"

"ते मला माहीत नाही, ताई. पण हे गाळून मी पुढचे लिहिले, तर त्यातलं खरं किती, हे मलाच सांगता येणार नाही."

मालकीणबाईने कागदावरून नजर वर केली. तिच्या वडिलांचा मोठा फोटो अजून भिंतीवर होता. मग ती म्हणाली, "वकीलसाहेब, आहे तसा द्या. आजच."

न्यायालयात त्या दिवशी पंख्याचा आवाज फारच मोठा वाटला. न्यायाधीशबाईंनी कागद वाचला, परत वाचला. "हे कोणी शोधून काढलं?"

"मीच, बाईसाहेब."

"आणि सही केली कोणी?"

"मीच."

"तुम्हाला हे लपवता आलं असतं. मला कळलंही नसतं."

"तुमच्या आदेशात होतं, डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. मी चाक पाहिलं, तशी सहीपण पाहिली. एक लिहून दुसरं कसं टाकू?"

शेवटच्या बाकावर कुबडी खाली पडल्याचा आवाज झाला. ती शिवणकामवाली उभी राहिली होती. "तुम्ही पण?" एवढंच ती म्हणाली, आणि कुबडी उचलून निघून गेली. तो शब्द मिस्त्रींना कुठल्याही शिक्षेपेक्षा जास्त लागला.

मिस्त्रींच्या सहीच्या उरलेल्या अकरा लिफ्ट दहा दिवसांत बाहेरच्या तपासनिसाकडून पाहून घ्यायचा हुकूम झाला. दोनमध्ये दोष निघाले, दोन्ही वेळेत दुरुस्त झाले. मग निकाल आला. मिस्त्रींनी वर्षभर एकाही लिफ्टला दाखला द्यायचा नाही. बाहेरचा तपासनीस बरोबर राहील आणि दाखल्यावर सही त्याची. "मात्र," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "अहवाल पूर्वीसारखा यांनीच लिहायचा. हा माणूस स्वतःला सोडत नाही, तर कंपनीला सोडणार नाही, असं मी धरून चालते."

बाहेर आल्यावर मिस्त्रींना कळेना, रडावं की हसावं. लिफ्ट तपासायची परवानगी गेली होती आणि लिफ्टबद्दल लिहायची राहिली होती. घरी बाई म्हणाल्या, "म्हणजे नापास, पण वर्गातच बसायचंय. आमच्या शाळेत याला सवलत म्हणतात."

गंमत अशी, की त्या दिवसापासून कंपनीतलं वारं फिरलं. चहाच्या वेळी एक मेकॅनिक शेजारी येऊन बसला आणि चाचरत म्हणाला, "मिस्त्री, माझ्या पण तीन आहेत. चौकशीत आल्या नाहीत." पुढच्या आठवड्यात आणखी एक. मिस्त्री कोणाला उपदेश करत बसले नाहीत. "चल, आधी जाऊन बघू," म्हणायचे आणि पिशवी उचलायचे. पुढच्या अहवालात त्या सगळ्या लिफ्ट ज्याच्या त्याच्या नावानिशी आल्या. वकिलांनी या वेळी डोक्याला हात लावला नाही, उलट एका ठिकाणी "'दुरुस्त'मधला 'रु' दीर्घ झालाय का?" असं विचारून गेले.

शिवणकामवाली दोन तारखा आली नाही. तिसऱ्या तारखेला मात्र ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. आता तिला कृत्रिम पाय बसवला होता, कुबडीच्या जागी काठी आली होती.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी तुम्हाला चांगला माणूस समजले असते," ती म्हणाली. "त्याचाच राग आला होता."

मिस्त्रींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आता माझं एक काम करा. माझी मुलगी सहाव्या मजल्यावर राहते. लिफ्ट तुमच्याच कंपनीची. मला नात झालीय, दोन महिन्यांची. ते लोक तिला खाली घेऊन येतात, मी फाटकापाशी बघते आणि परत जाते. सहा मजले या पायाने होत नाहीत, आणि लिफ्टमध्ये..." ती थांबली. "तुम्ही ती माझ्यासमोर तपासा. मी बसून बघणार."

यादीत त्या लिफ्टचा नंबर शेवटून चौथा होता. मिस्त्रींनी तिसऱ्याच दिवशी सकाळी तपासनिसाला घेऊन ती गाठली. तळमजल्यावर एक खुर्ची मांडून शिवणकामवाली बसली, काठी मांडीवर आडवी. मिस्त्री एकेक गोष्ट पाहायचे आणि सहा मजले उतरून तिला सांगायला यायचे. दोर चार आहेत, चारही मोजून पाहिले, झिजलेले नाहीत. ब्रेक असा धरतो. चाक असं फिरतं. ती प्रश्न विचारायची, आणि प्रश्न साधे नसायचे. "चारपैकी एक तुटला तर?" "उरलेले तीन धरतात." "तिन्ही तुटले तर?" "पकड धरते." "आणि ती नाही धरली तर?"

"तेच तर पाहायला आलोय," मिस्त्री म्हणाले, आणि वाळूची पोती आत भरली.

पकडीचा धाडकन आवाज ऐकून ती खुर्चीत ताठ झाली. पण ती उठली नाही. "पुन्हा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा करून दाखवलं. "पुन्हा." पाचव्यांदा तिने नुसतीच मान हलवली.

दुपारी तपासनिसाने सही केली. मिस्त्री केबिनमध्ये जाऊन उभे राहिले आणि दार धरून ठेवलं. ती उंबऱ्याशी आली, थांबली, मागे गेली. कोणी घाई केली नाही. वरच्या मजल्यावर कोणी तरी बटण दाबून कंटाळलं, जिन्याने उतरून आलं आणि काय चाललंय ते पाहून गप्प उभं राहिलं. शेवटी तिने आधी काठी आत टेकली, मग पाय. दार लागलं. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला तिने मिस्त्रींची बाही घट्ट पकडली, ती सहावा येईपर्यंत सोडली नाही. दार उघडलं तेव्हा समोर तिची मुलगी बाळाला घेऊन उभी होती. मुलीला रडू आवरेना. शिवणकामवाली मात्र आपल्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "आण इकडे तिला. टोपडं केवढं मोठं शिवलंय हे, कोणी शिवलं?"

त्या तिमाहीच्या अहवालात मिस्त्रींनी लिहिलं, 'यादीतला क्रम मोडून ही लिफ्ट आधी तपासली, कारण एका बाईंना नातीकडे जायचं होतं. क्रम मोडल्याची जबाबदारी माझी.' न्यायाधीशबाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि समासात काही तरी टिपलं. काय टिपलं ते कोणाला कळलं नाही, पण त्या हसल्या हे सगळ्यांनी पाहिलं.

तीन वर्षं पुरी झाली. दोनशे बाराव्या लिफ्टवर खूण झाली. मिस्त्रींना परवानगी मध्येच परत मिळाली होती. शेवटच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी फाईल मिटली. "न्यायालयाचं काम संपलं. आता पुढची तारीख नाही."

मिस्त्री जागचे हलले नाहीत. "मग पुढचं कोणाला सांगायचं?"

"जे चढतात त्यांना सांगा," त्या म्हणाल्या आणि पुढचा खटला पुकारला गेला.

मिस्त्रींनी ते शब्दशः घेतलं. मालकीणबाईशी दोन दिवस घासाघीस झाली, वकिलांनी तीन हरकती काढल्या, आणि अखेर प्रत्येक लिफ्टमध्ये दाखल्याशेजारी एक साधा कागद लागायला लागला. तपासणाऱ्याने आपल्या हाताने लिहायचा: काय पाहिलं, काय केलं, काय राहिलं. लोक वर जाता जाता वाचायचे. काही जण त्यावर बॉलपेनाने शेरे मारायचे. एकाने लिहिलं, 'अक्षर सुधारा.'

परवाच मिस्त्री पिशवी घेऊन एका ऑफिसांच्या इमारतीत शिरले. लिफ्टमध्ये दोन कारकून होते. त्यांतला एक कागद वाचत होता. "'चौथ्या मजल्यावर दार कुरकुरतं, धोका नाही. बुधवारी येऊन नीट करतो.'" तो दुसऱ्याकडे वळून हसला. "बुधवारी! येतोय कशाला कोणी!"

मिस्त्रींनी पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि चौथ्याचं बटण दाबलं.

"आज मंगळवार आहे," ते म्हणाले. "जरा लवकरच आलो. चालेल ना?"